बेगमी आणि भरवसा

वैशाख सरत आला की आमच्याकडील घराघरांतून एक निराळीच लगबग सुरू होते. अंगणात पापड, सांडगे आणि आमसुले वाळत पडतात. तांदूळ निवडून ठेवले जातात. मिरच्या, चिंच, सरपण, जे ज्याच्या घरच्या रीतीला हवे ते, चार महिन्यांचा हिशेब करून आत घेतले जाते. कोकणात या दिवसांना आगोट म्हणतात, गोव्यात या साठवणीला पुरुमेंत म्हणतात, आणि घाटावर बेगमी हा एकच शब्द पुरतो. या साऱ्या खटाटोपास आजवर कोणी देवावरचा अविश्वास म्हटलेले नाही. पावसाळा येणार हे ठाऊक असूनही सरपण उघड्यावर भिजू देणाऱ्या गृहिणीला आपण भाविक म्हणत नाही, अजागळ म्हणतो.

परंतु हीच गोष्ट पैशाच्या बाबतीत आली की आमचा विचार एकाएकी पालटतो. वादळाची वर्दी आली असता एखादा गृहस्थ चार दिवसांच्या खर्चापुरती रोकड काढून ठेवू लागला, बँकेची कागदपत्रे एका पिशवीत बांधू लागला, की आम्ही त्यास हसतो. ‘देव आहे ना वर!’ असे म्हणतो. तांदळाच्या कणगीला जो न्याय, तो पैशाच्या पेटीला का नसावा? हा प्रश्न वरवर व्यवहाराचा दिसतो, पण आमच्या मते तो मुळात नीतीचा आहे. आणि हे मत आम्हांस ग्रंथांतून लाभलेले नाही. ते स्वतःच्या फजितीतून लाभले आहे. ती फजिती आधी सांगणे प्रामाणिकपणाचे होईल.

१६ मे २०२१ रोजी, रविवारी, तौक्ते नावाचे चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. ते कोरोनाचे दिवस होते, संचारबंदी चालू होती, आणि आधीच्या आठवड्यापासून हवामान खात्याच्या सूचना येत होत्या. आम्ही त्या वाचल्या, इतरांना वाचूनही दाखविल्या, आणि स्वस्थ बसलो. रविवारी पहाटे परसातील फणसाचे झाड गोठ्याच्या छपरावर कोसळले. वीज गेली ती चार दिवस आली नाही. दुसऱ्या दिवशी मोबाईलने मान टाकली. झाड तोडणारे गडी मोठ्या मिनतवारीने मिळाले. काम आटोपल्यावर त्यांनी मजुरी मागितली, आणि आमच्या ध्यानात आले की घरात दोनशे रुपयांपलीकडे एक पैसा नाही. बँकेतील शिल्लक पुरेशी होती. बँक मात्र बंद होती, एटीएमचा पडदा काळा होता, आणि ज्या यंत्रातून आम्ही एरवी एका बोटाने पैसे देत असू ते यंत्र मेलेले होते.

त्या वेळी देवळाच्या दारात फुले विकणारी एक वृद्ध बाई शेजारधर्माने विचारपूस करण्यास आली होती. आमची अडचण तिच्या लक्षात आली. ती काही न बोलता घरी गेली आणि तीन हजार रुपये घेऊन परत आली. नोटांना तांदळाचे पीठ लागलेले होते. त्या तिने तांदळाच्या डब्यात ठेविल्या होत्या. ‘घेयात, बाब,’ ती म्हणाली, ‘वीज आयली काय परत दियात.’ आम्ही ते पैसे घेतले, गड्यांना दिले, आणि पाचव्या दिवशी तिचे तिला परत केले. व्यवहार तिथे संपला. पण मनातील टोचणी मात्र संपली नाही. कारण पुढे आम्हांस असे समजले की त्या चार दिवसांत तिचे स्वतःचे रक्तदाबाचे औषध संपले होते, आणि ते तिने आणले नव्हते.

आमची बेफिकिरी आम्हांस भोवली नाही. ती दुसऱ्या कोणास भोवली. या एका वाक्यात आमचा सारा विषय सामावलेला आहे. आपण निःसंग आहो, पैशाची फार चिंता करीत नाही, असे म्हणण्यात एक प्रकारचे समाधान असते. पण ज्या निःसंगतेचे मोल शेजारच्या विधवेने आपल्या औषधाने चुकवावे, ती निःसंगता नव्हे. तो दुसऱ्याच्या बेगमीवर टाकलेला दरोडा आहे, मग तो कितीही नकळत असो.

येथे एक आक्षेप सहज संभवतो. आमच्या परंपरेने संचयाची निंदाच केली आहे, अपरिग्रह हे व्रत मानले आहे. मग साठवणीचे समर्थन कसे करता? आमचे उत्तर असे की हे व्रत कोणास सांगितले आहे, हे आधी पाहावे. संन्याशाने उद्याची चिंता करू नये, कारण त्याची झोळी भरणारा गृहस्थ उद्याची चिंता करीत असतो. ज्या घरात कणगी रिकामी, त्या घराच्या दारातून माधुकरी मागणारा रिकाम्या हाताने परततो. तेव्हा गृहस्थाची साठवण ही संन्याशाच्या वैराग्याच्या आड येत नाही. उलट त्या वैराग्याचा तो पाया आहे. गृहस्थाने संन्याशाची वृत्ती आणि गृहस्थाच्या सुखसोयी अशा दोन्ही एकदम घेणे हाच खरा अधर्म होय.

योगक्षेम हा शब्द आपण देवाच्या संदर्भात नित्य उच्चारतो. त्याचे दोन भाग जुन्या टीकाकारांनी वेगळे सांगितले आहेत: न मिळालेले मिळणे हा योग आणि मिळालेले राखणे हा क्षेम. योग पुष्कळ अंशी दैवाधीन असतो हे आम्ही मान्य करू. पण जे हाती आले आहे ते राखण्यास ज्याने हात दिले, त्याच्यावरच ते राखण्याचेही ओझे टाकणे यात भक्ती कमी आणि आळस अधिक आहे. आमच्या पूर्वजांना हे नीट कळत होते. सोळाव्या शतकात जेव्हा देवळांवर संकट आले, तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्णेची म्हाळसा यांच्या भक्तांनी ‘देव स्वतःचे रक्षण करील’ असे म्हणून हात जोडून बसणे पत्करले नाही. त्यांनी देवांना उचलले आणि अंत्रुजच्या आश्रयास आणले. आज आपण मंगेशी, कवळे आणि म्हार्दोळ येथे ज्यांच्यापुढे नतमस्तक होतो, ती दैवते त्या माणसांच्या दूरदृष्टीमुळे आपल्याला लाभली. ज्यांनी देवाचीसुद्धा तजवीज केली, त्यांची श्रद्धा उणी होती असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

पुढचे उदाहरण जगन्नाथाच्या पुरीचे घ्यावे. १९९९ च्या ऑक्टोबर महिन्यात ओडिशावर जे महाचक्रीवादळ आले, त्यात सुमारे दहा हजार माणसे गेली. ३ मे २०१९ रोजी फनी नावाचे अतिशय प्रबळ वादळ पुरीजवळच किनाऱ्यावर आले. त्या आधी सुमारे बारा लाख लोकांना हलविण्यात आले, आणि ओडिशातील मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. दोन्ही वेळी देव तोच होता आणि समुद्रही तोच होता. पालटली होती ती माणसांची पूर्वतयारी. पण त्याच फनीने दुसराही एक धडा दिला. जीव वाचले तरी वीज कित्येक भागांत दिवसचे दिवस, काही ठिकाणी आठवडे, आली नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोली या पट्ट्यात नारळी-पोफळींच्या बागा भुईसपाट झाल्या, आणि तेथेही अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. वीज नसेल तेथे मोबाईलचा मनोरा काही तासांत निकामी होतो. मनोरा निकामी झाला की बँकेपर्यंतची वाट तुटते.

वाट तुटते, पैसा नाहीसा होत नाही, हा भेद लक्षात घेण्यासारखा आहे. बँकेतील पैसा हे मुळात एक वचन आहे: मागशील तेव्हा देईन. वादळाने ते वचन मोडत नाही. फक्त मागणाऱ्याचा आवाज देणाऱ्यापर्यंत पोचत नाही. २०१६ पासून यूपीआय आले आणि मागणे इतके सोपे झाले की त्याच्या मागे तारा, मनोरे, यंत्रे आणि माणसे यांची केवढी लांब साखळी उभी आहे, हे आपण विसरलो. एक कडी तुटली की लक्षाधीश आणि भिक्षाधीश एकाच ओट्यावर येऊन बसतात. त्या वेळी चालते ते दोनच प्रकारचे नाणे: एक घरातील रोकड आणि दुसरी शेजाऱ्यातील पत.

तर मग शहाण्याने काय करावे? वादळाची बातमी येताच बँकेत धाव घेऊन मिळेल तेवढी रोकड घरी आणावी? येथेच खरा नैतिक पेच आहे. पंचतंत्रात तीन माशांची गोष्ट आहे. तळ्यावर उद्या कोळी येणार हे कळताच अनागतविधाता हा मासा निघून गेला. प्रत्युत्पन्नमतीने जाळ्यात मेल्याचे सोंग केले आणि तो निसटला. यद्भविष्य मात्र ‘होणारे होईल’ म्हणत मारला गेला. ही गोष्ट आपण लहानपणापासून मुलांना सांगतो आणि पहिल्या माशासारखे व्हा असे शिकवितो. परंतु एक प्रश्न त्या गोष्टीत येत नाही. तळ्यातून बाहेर पडण्याचा ओहोळ चिंचोळा असेल आणि पहिल्या माशाने आपल्या गोतावळ्यासह तो अडवून धरला, तर मागच्यांचे काय? एटीएम हा असाच एक चिंचोळा ओहोळ आहे. त्यात भरलेली रक्कम मोजकी असते. ज्यास वर्दी लवकर कळली आणि ज्याच्या दारी वाहन आहे, त्याने लागत नसताना पन्नास हजार काढून नेले, तर ज्याची मजुरी शनिवारी संध्याकाळी खात्यावर जमा झाली, त्याच्या वाट्यास रिकामे यंत्र येते. पहिल्याने चोरी केली नाही. पैसा त्याचाच होता. तथापि त्याने दुसऱ्याची वेळ घेतली, आणि संकटकाळी वेळ ही पैशाहून मोलाची असते.

म्हणून आम्ही म्हणतो, बेगमी आणि साठेबाजी यांतील अंतर रकमेने ठरत नाही, मात्रेने ठरते. मात्रा ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. माझ्यासारखे वागणे गावातील प्रत्येकाने पत्करले, तर गाव निभावेल की बुडेल? आठवडाभराच्या घरखर्चाइतकी रोकड प्रत्येकाने जवळ बाळगली तर गाव निभावेल. प्रत्येकाने सारी पुंजी काढली तर बँकेचे दार पहिल्याच दिवशी बंद होईल. दुसरी कसोटी काळाची. ही रोकड वादळाच्या आदल्या सायंकाळी काढण्याची गोष्ट नव्हे. मे महिन्यातील आगोटीच्या वेळीच थोडीथोडी बाजूला पडावी, म्हणजे ती कोणाच्या तोंडचा घास होत नाही. पावसाळा सरल्यावर अरबी समुद्रात पुन्हा वादळांचे दिवस येतात; तेव्हा नवरात्रात एकदा तो डबा उघडून पाहावा. आणि त्यात दहा, वीस, पन्नास, शंभर अशा नोटा असाव्यात. वीज नसलेल्या बाजारात पाचशेची नोट मोडून देणारा दुकानदार मिळत नाही. मग गरीब विक्रेत्यास ‘राहू दे, मग देतो’ असे ऐकवावे लागते.

याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. आपली स्वतःची रोकड बाजूला काढण्यापूर्वी, ज्यांचे देणे आपल्याकडे आहे त्यांचे ते चुकते करावे. हवामान खात्याची चक्रीवादळपूर्व सूचना साधारण ७२ तास आधी निघते, दुसरा इशारा ४८ तास आधी, तिसरा २४ तास आधी, आणि वादळ जमिनीवर चढल्यानंतर काय होईल याचा अंदाज सुमारे १२ तास आधी. म्हणजे हाती तीन दिवस असतात. या तीन दिवसांतील पहिला दिवस दुसऱ्यांचा मानावा. घरकाम करणाऱ्या बाईचा पगार, दूधवाल्याचे बिल, माळ्याची मजुरी, देवळातील फुलांची उधारी, ही सारी त्या दिवशी द्यावी, आणि शक्य तर रोख द्यावी. कारण आपण बेगमी करावी हे सांगणे सोपे आहे. पण ज्याची बेगमी आपल्या खिशात अडकून पडली आहे, त्याने ती कशाची करावी? श्रीमंताची दिरंगाई हेच पुष्कळदा गरिबाच्या बेसावधपणाचे कारण असते, आणि त्या बेसावधपणाबद्दल पुन्हा आपणच त्याला बोल लावतो.

दुसरा दिवस घरच्यांचा. आमच्या समाजात पुरुषाने आपल्या पैशाची माहिती स्वतःच्या पोटात ठेवण्याची एक वाईट खोड आहे. कोणत्या बँकेत खाते, कोठे मुदत ठेव, विम्याचा कागद कोणत्या कपाटात, हे त्याच्याखेरीज कोणास ठाऊक नसते. गोव्यात तर विवाहसमयी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता कायद्याने सामाईक असते. अर्धे जिचे, तिलाच ते कोठे आहे हे माहीत नसावे, याला गुप्तता म्हणावे की अन्याय? वादळात घराचा कर्ता अडकला वा जायबंदी झाला, तर घरातील बाईने कोणाच्या दारी जावे? म्हणून एका वहीत सर्व खात्यांची नोंद असावी. गुप्त अंक मात्र तीत लिहू नयेत. वारस म्हणून नामनिर्देशन केले आहे की नाही हे पाहावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्यास चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती नेमता येतात. ते नाव नसेल तर दुःखाच्या दिवसांत वारसांना कागदांच्या मागे धावावे लागते. पासबुक, विम्याची कागदपत्रे, घराचे दस्तऐवज यांच्या प्रती पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बांधाव्यात आणि एक संच दुसऱ्या गावच्या विश्वासू आप्ताकडे ठेवावा. एकाच नदीच्या काठी दोन्ही संच ठेवण्यात काही अर्थ नाही. बेळगाव परिसराने २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि बडोद्याने २०२४ च्या ऑगस्टमध्ये जे पूर पाहिले, ते समुद्रकिनाऱ्यावरचे नव्हते. तेव्हा ‘आम्ही किनाऱ्यापासून दूर आहो’ असे समजणाऱ्यांनीही हे मनावर घ्यावे.

तिसरा दिवस आपला स्वतःचा. मोबाईल आणि त्याला वीज पुरविणारी पेटी भरून ठेवावी, वीज आणि कर्जाचे हप्ते यांसारखी त्या आठवड्यात येणारी देणी आधीच उरकावीत, आणि मग जे राहिले ते देवावर सोपवावे. भरवसा शब्द येथे शोभतो. याआधी तो उच्चारला तर ती पळवाट ठरते.

कायद्याच्या भाषेत एक मौजेचा शब्दप्रयोग आहे. भूकंप, पूर, वीज पडणे यांना तो ‘दैवी कृती’ म्हणतो. बँकेच्या लॉकरविषयी १ जानेवारी २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचे जे नियम लागू झाले, त्यांत अशा दैवी कृतीने लॉकरमधील वस्तूंचे नुकसान झाल्यास बँक जबाबदार नाही असे स्पष्ट म्हटले आहे. फक्त तिने योग्य ती काळजी घेतली पाहिजे. चोरी, आग, इमारत कोसळणे अशा गोष्टींत बँकेवर दायित्व येते, पण पुरात येत नाही. हे वाचून आम्हांस प्रथम हसू आले, नंतर विचार पडला. ज्याची जबाबदारी घेण्यास कोणीच तयार नसते, ते कायद्याने देवाच्या नावे टाकले आहे. आपणही घरोघरी हेच करीत नाही काय? वादळ देवाचे असेल. पण न दिलेला पगार, न लिहिलेले नाव, न सांगितलेले खाते, रिकामा डबा, यांतील एकही कृती दैवी नव्हे. त्या सर्व आमच्या आहेत.

शेवटी त्या फुलवालीकडे परत येतो. तिच्यापाशी शास्त्र नव्हते, पण तिची बेगमी आमच्या बेगमीहून थोर ठरली, कारण ती तिने पहिल्या गरजवंतापुढे उघडली. रोकड डब्यात ठेवण्याचा खरा हेतू हाच असावा: आपण कोणावर ओझे होऊ नये, आणि दुसऱ्याचे थोडे ओझे उचलता यावे. जी साठवण फक्त पहिला हेतू साधते ती व्यवहार आहे. जी दोन्ही साधते ती धर्म आहे. तेव्हापासून आमच्या घरी तांदळाच्या डब्यात एक लहान डबी असते. तिच्यात दोन पुड्या आहेत. एकीवर ‘घर’ असे लिहिले आहे. दुसरीवर काहीच लिहिलेले नाही. ती दार ठोठावणाऱ्याची आहे. गेल्या पावसाळ्यात ती एकदाच उघडावी लागली, आणि जे घेऊन गेले त्यांनी आठ दिवसांत परत आणून दिले. नोटांना तांदळाचे पीठ तसेच लागलेले होते.